शिरसोंड्याचे एक्केचाळीस फॉर्म

२८ मार्च १९८८, सोमवार

तीनशे बारा फॉर्म! आणि मुदत एकतीसची. म्हणजे गुरुवार.

जिल्ह्याला कॉम्प्युटर आलाय म्हणे. आरोग्य खात्यासाठी. आबाजी — आमचे सुपरवायझर — मीटिंगला जाऊन तो बघून आले आणि तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीवर नाहीत. "चंद्राबाई, थंड खोलीत ठेवलाय. चपला बाहेर काढून आत जायचं." देव्हाराच की मग.

काम असं की माझ्या पाच गावांतल्या प्रत्येक जोडप्याचा एक फॉर्म. बाईचं नाव, वय, लग्न कधी, आधी किती बाळंतपणं, मुलं किती, पोटाचं ऑपरेशन झालंय का. हे सगळं मशीनच्या पोटात जाणार. मग एखादी गरोदर राहिली की मी कार्ड पाठवायचं, आणि मशीन दर महिन्याला यादी छापून देणार — कुणाचे दिवस कधी भरतात ते. ज्या बाईला धोका, तिच्या नावापुढे चांदणी. चांदणी असेल तिला आरोग्य केंद्राची जीप घरापर्यंत येणार.

चांगलं आहे, नाही कशाला म्हणू. वीस वर्षं रजिस्टरं लिहून बोटं वाकडी झाली. एवढं मात्र आबाजींना विचारलं, की मशीनला गुडघे आहेत का? माझे गेलेत. चार गावं झाली, शिरसोंडे राहिलंय. नदीपल्याड, दोन कोस चाल, आणि ऊन हे असं.

शिळफाट्याच्या उपकेंद्रातली जागा रिकामी होतेय. हमरस्त्यावर, दाराशी एस.टी. आबाजी म्हणाले, "फॉर्म वेळेत आणि स्वच्छ द्या, तुमचं नाव पुढे करतो." बघू.

३१ मार्च

दिले. तीनशे बाराच्या तीनशे बारा. आबाजी म्हणाले, तालुक्यात पहिल्या तुम्ही. बरं वाटलं. गुडघ्याला तेल लावून पडले.

९ मे, सोमवार

यादी आली! दोन्ही कडांना भोकं पाडलेला कागद, एकाला एक जोडून घडीच घडी. सगळी इंग्रजी मोठी अक्षरं. एकेक लावून वाचत बसले. भिवाजीची बायको — सहावी खेप, अंगात रक्त नाही — तिच्यापुढे चांदणी. माझ्याच गावची बाई जिल्ह्याला जाऊन चांदणी लावून आली. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. वीस वर्षांत माझं लिहिलेलं कुणी वाचतं असं आज पहिल्यांदा वाटलं.

यादीबरोबर एक हुकूमही आलाय. डिझेल कमी, सबब बाळंतिणीसाठी जीप फक्त चांदणीवालीला. बाकीच्यांनी आपापली सोय करावी.

१४ जून

शिरसोंड्याला गेले होते, धनुर्वाताची इंजेक्शनं द्यायला.

गजाची बायको, आनंदी. वीस वर्षांची असेल. पाचवा महिना. पोट तपासायला पडवीत आडवी केली, लुगडं खाली सरकवलं — बेंबीपासून खाली सरळ व्रण. हातभर नाही, पण मला हातभरच दिसला. म्हटलं, हे काय गं? तर दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "मागल्या श्रावणात. मुंबईला नेलं आनि कापलं, बाई."

मग सगळं बाहेर आलं. पहिलं बाळंतपण माहेरी, कर्जतकडे उंबरखोंडला. माहेरी ती हिरू. हिरू सहदेव. आनंदी हे लग्नातलं, सासरचं नाव. तिथे अडली, मुंबईला ऑपरेशन झालं, मुलगा झाला, तिसऱ्या दिवशी गेला. दिवाळीनंतर सासरी आली ती रिकाम्या हातानं. आणि वर्ष पुरं व्हायच्या आत हे! टाके आतून भरले तरी असतील का? दुसऱ्या कळा त्या जागेवर आल्या तर पिशवी फाटते. फाटली की अर्धा तास.

आणि माझ्या फॉर्मवर काय आहे? आधीची बाळंतपणं — शून्य. ऑपरेशन — नाही.

सासूला, येसूबाईला, धरलं. म्हटलं, एवढी मोठी गोष्ट आणि तोंडातून शब्द नाही? ती सूप पाखडत होती, पाखडतच राहिली. "गेलेलं पोर मोजत नाय आमी, बाय. येनाऱ्याच्या तोंडावर त्याचं नाव काढलं का बाधतं." सगळ्या गावाला ठाऊक, सुईण धोंडूबाईला ठाऊक, मला तेवढं कुणी सांगत नाही. संतापात इंजेक्शन जरा जोरातच टोचलं गेलं बिचारीला.

निघताना आनंदीनं माझा पदर धरला. "बाई, मला परत कापतील?" म्हटलं, कापतील, पण तू जगशील आणि मूलही जगेल. जीप दारात येईल, मी शेजारी बसेन, पनवेलला नेईन. हसली. मी शब्द दिलाय.

कार्ड भरलं — दुसरी खेप, आधी ऑपरेशन. ऑक्टोबरच्या विसाच्या आसपास दिवस भरतात. चार महिने आहेत. चांदणी यायलाच हवी.

११ जुलै

यादीत चांदणी नाही. चांदणी जाऊ दे, नावच नाही!

आबाजींना विचारलं. त्यांनी एक चिठ्ठी काढली. 'न जुळणारे.' म्हणजे काय, तर मूळ फॉर्म म्हणतो शून्य बाळंतपणं, कार्ड म्हणतं दुसरी खेप. मशीनला दोन्ही पटत नाही, म्हणून त्यानं कार्डच बाहेर फेकलं. म्हटलं, अहो, बाई खरी आहे, व्रण खरा आहे, मी बोटानं चाचपलाय. तर म्हणे, "मशीनला बोट नसतं, चंद्राबाई." विनोद सुचतोय यांना.

उपाय आहे. मूळ फॉर्म बदलून घ्यायचा. त्याला लेखी खुलासा हवा — फॉर्म कुणी भरला, कोणत्या तारखेला, घरातल्या कुणी माहिती दिली. खाली माझी सही, मग डॉक्टर घरी जाऊन पडताळणार.

मी म्हटलं, कार्डच पुन्हा पाठवते.

१८ जुलै

पाठवलं. लाल शाईनं, ठसठशीत. नदीला पाणी चढलंय, शिरसोंड्याचा रस्ता बंद.

१० ऑगस्ट

पुन्हा न जुळणारे. मशीनला लाल शाईही दिसत नाही.

आज कर्जतला मीटिंग होती. उंबरखोंडची नर्स अंबूबाई भेटली. कर्जत तालुक्यात ही यादी मागच्या वर्षीच सुरू झाली, आमच्या आधी. सहज म्हटलं, तुझ्याकडे हिरू सहदेव नावाची मुलगी होती का गं? तिनं पिशवीतून यादी काढली. बोट खाली खाली नेलं — आणि सापडली! हिरू सहदेव, उंबरखोंड. पुढे चांदणी.

अंबूबाई हसून म्हणाली, "ही माझ्याकडं अजून गरोदरच हाय. तिचं बाळंतपण झालं ते मुंबईला, त्याचा कागद कधी आला नाय. दिवस उलटले म्हनून चांदनी लावून मशीन दर महिन्याला तिचं नाव छापतंय — चौदा महिने झाले."

मीही हसले. हसून झाल्यावर ती ओळ पुन्हा वाचली. चांदणी आहे. चांगली ठळक आहे. फक्त ती माहेरच्या नावाला, माहेरच्या तालुक्यात, गेल्या वर्षीच्या पोटाला आहे. पोरगी इथे, चांदणी तिथे. अंबूबाईची जीप तालुक्याची हद्द ओलांडत नाही आणि माझी दारातून हलत नाही.

मग सुचलं — तिलाच तिकडे पाठवलं तर?

२१ ऑगस्ट, रविवार

पाणी उतरल्याबरोबर शिरसोंडे गाठलं. गुडघा सुजून भोपळा झाला. येसूबाईपुढे अक्षरशः हात जोडले. म्हटलं, महिनाभर आधी माहेरी पाठवा, तिकडची जीप तिला घ्यायला येईल.

"पयली खेप म्हायेरची, दुसरी सासरची. लोक काय म्हनतील, सासरी खायला नाय म्हनून धाडली? आनि तिथं धाडली तवाच पोर गमावलं ना, बाय? पुन्यांदा नाय धाडायची."

म्हटलं, पोरगीच गमवाल. तर उठून आत गेली. ती वाईट नाही. नातवाचं दुःख आहेच तिला, नुसतं तोंडावर येऊ देत नाही. पण मला त्या क्षणी तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या.

गजा साजगावला कारखान्यात आहे, पाळीवरून नुकताच आला होता. शांत मुलगा. "आयशीच्या पुढं माझं चालत नाय, बाई. येळ आली तर साजगावातनं टेंपो आनीन मी." टेंपो! साजगाव इथे आहे का रे? पण त्याला तरी काय बोलायचं. आनंदीनं चहा आणला. दारात उभी राहून कान देऊन ऐकत होती आणि शेवटी म्हणाली, "आत्याबाई म्हनतील तसं."

२ सप्टेंबर

आज कोरा कागद घेतला. 'सदर फॉर्म मी' — एवढं लिहिलं. मग उठून कपाट पुसलं. मग भात लावला. परत बसले तर पुढचं सुचेना. कागद फाडला.

आबाजी येऊन गेले. शिळफाट्यासाठी तालुक्यातून एकच नाव गेलंय, माझं. "आता काही खुसपट काढू नका म्हणजे झालं."

१२ सप्टेंबर

नाव आलं! आनंदी गजानन, शिरसोंडे, ऑक्टोबर. धावत पुढचा रकाना बघितला. चांदणी नाही.

पहिली खेप, धोका नाही, असं छापलंय.

आबाजींनी केलं. मला मदत म्हणून! माझं कार्ड दुसऱ्यांदा परत आलं तेव्हा त्यांनी 'दुसरी' खोडून 'पहिली' केलं, ऑपरेशन काढून टाकलं, आणि फॉर्मशी जुळवून दिलं. मशीननं लगेच घेतलं. "नाव यादीत हवं होतं ना तुम्हाला? आलं. आता काय तक्रार?" त्यांना खरंच कळत नव्हतं मी का ओरडतेय ते. आपण सगळेच असे झालोय का? कागद कागदाशी जुळला की माणूस बरा.

३ ऑक्टोबर

थेट डॉक्टरांना भेटले. नवीन आहेत, मुंबईचे, कोवळे, पण ऐकून घेतलं. म्हणाले, "सिस्टर, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण जीप पाठवली तर लॉगबुकात कुणाचा नंबर लिहू? खुलासा द्या, मी आजच्या आज सही करतो. पाच मिनिटांचं काम आहे."

म्हटलं, देते.

४ ऑक्टोबर

दिला नाही.

८ ऑक्टोबर

शिरसोंडे. पोट खाली उतरलंय. मूल मोठं आहे, ठोके छान. व्रणावर हात ठेवला तर ती म्हणते, "हितं खाजतंय, बाई, बरं होतंय ना?" म्हटलं, हो. माझा हात काढवेना तिथून.

एक ठरवलं. जीप गेली चुलीत. वीस तारखेची वाट न बघता अठराला मीच तिला एस.टी.नं पनवेलला नेऊन दवाखान्यात ठेवायचं. येसूबाई म्हणाली, "कापनी उभी हाय, संगतीला कोन येईल?" म्हटलं, कुणी नको, मी आहे. दोन दिवस रजा टाकते. पहिल्यांदाच तिनं वाद घातला नाही, म्हणाली, "न्या."

आनंदी वेशीपर्यंत पोचवायला आली. नऊ महिन्यांची बाई, नको म्हटलं तरी आली. "तुमी हाव म्हनून या येळेला भ्या वाटत नाय." मी मागे वळून बघितलं नाही.

अठराला मंगळवार आहे. दहा दिवस. एवढे दहा दिवस निघू देत.

१७ ऑक्टोबर, सोमवार

गेली. मूलही.

१९ ऑक्टोबर

लिहून काढते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

सोमवारी सकाळी दहाला कळा सुरू झाल्या, शेतात, कापलेलं भात बांधताना. धोंडूबाईचा निरोप मला अकराला पोचला. मी बाराच्या सुमारास पोचले. तोवर गजा सायकल मारत आरोग्य केंद्रात गेला होता. जीप दारात उभी. डॉक्टर जिल्ह्याच्या मीटिंगला. ड्रायव्हरनं भिंतीवरची यादी बघितली आणि म्हणाला, "चांदनी नाय तुझ्या बायकोला, दादा. पयली खेप लिवलीया. गाडी हलवली तर माजी नोकरी जाईल." गजानं त्याचे पाय धरले म्हणे. मग तसाच साजगावला गेला, कारखान्याच्या फाटकाशी उभा राहून टेंपो मिळवला. तो गावात आला तेव्हा तीन वाजून गेले होते.

अडीचला कळा थांबल्या. एकदम. आनंदी घामानं निथळत होती, ती शांत झाली आणि म्हणाली, "आता दुखत नाय, बाई. बरं वाटतंय." येसूबाईचं तोंड उजळलं, देवाला हात जोडले तिनं. मी पोटाला हात लावला. मूल हाताला नको तिथे लागत होतं, थेट कातडीखाली. मला कळलं. पिशवी फाटली होती.

टेंपोत भाताचा पेंढा अंथरून तिला निजवली. डोकं माझ्या मांडीवर. शिळफाटा सोडल्यावर एकदा डोळे उघडले, पाणी मागितलं. पाणी तोंडातून बाहेर आलं. पनवेल अजून दूर होतं. मी ड्रायव्हरला थांब म्हटलं नाही, गजाला सांगितलं नाही. तसेच पुढे गेलो आम्ही, मी तिचे केस मागे सारत होते.

२६ ऑक्टोबर

चौकशी झाली. जिल्ह्याचे एक साहेब, आमचे डॉक्टर, आबाजी. गजाच्या ओटीवर खुर्च्या मांडल्या होत्या.

साहेबांनी एकच विचारलं, आणि बरोबर तेच विचारलं. "व्रण होता, तर मूळ फॉर्मवर शून्य कसं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, घरच्यांनी माहिती लपवली. सासूनं.

येसूबाई खांबाला टेकून बसली होती. साहेबांनी तिला विचारलं, आजी, पहिलं मूल गेलं हे तुम्ही कुणाला सांगत नव्हता, खरं का? ती म्हणाली, "खरं हाय. आमी मोजत नाय." संपलं. साहेबांनी लिहून घेतलं. तिचा अंगठा घेतला. ती उठताना माझ्याकडे बघून इतकंच म्हणाली, "बाय, तुमी जून महिन्यात आलेलाव ना?" बाकीच्यांना वाटलं म्हातारी भ्रमली.

गजा आईकडे बघत होता. ती नजर मी विसरणार नाही.

७ नोव्हेंबर

धोंडूबाई औषध न्यायला आली होती. सांगत होती, गजा आईशी बोलत नाही. तिच्या हातचं जेवत नाही. पाळीला जातो तो साजगावातच राहतो. येसूबाई गोठ्याच्या पडवीत निजते आता, घरात जात नाही. नळावर बायका तिच्यापासून घागरी बाजूला घेतात. "सून खाल्ली म्हनतात तिला. तिनं सांगितलं असतं तर गाडी आली असती म्हनतात."

मी धोंडूबाईला गोळ्या मोजून दिल्या. दोनदा मोजल्या, दोनदा चुकले.

१४ नोव्हेंबर

बदलीचा हुकूम आला. शिळफाटा. आबाजी पेढे घेऊन आले. या महिन्याची यादीही बरोबर आणली — आनंदी गजाननचं नाव त्यातून गळलंय. मशीननं कसं पटकन ऐकलं या वेळी.

१५ नोव्हेंबर

येसूबाईनं माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. मी तिला विचारायला गेलेच नव्हते. मार्चमध्ये शिरसोंड्यात माझं पाऊल पडलं नाही. ते एक्केचाळीस फॉर्म मी इथे, या टेबलाशी बसून, जुन्या रजिस्टरावरून एका दुपारी भरले. नवीन लग्न दिसलं की शून्य घालत गेले.